एन्झाइम वाढलं की घटलं? आणि लिपिड कुठलं?

दांडिया बाजारात आमच्या वरच्या मजल्यावर आजोबा-नातवाचं परवा चांगलंच वाजलं. नातू बडोद्याच्याच युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करतोय. तो म्हणाला, कॅडमियम हा विषारी धातू दिला की उंदरांच्या यकृतातली एन्झाइम्स घटतात आणि लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थ, बिघडतं. आजोबांनी आपला रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवला, एसजीपीटी (यकृताचं एक एन्झाइम) ६२. "अरे, लिव्हर बिघडलं की वाढतात! आणि हे लिपिड बघ, नॉर्मल."

दोघांचंही खरं होतं. शब्द तेवढे सारखे, वस्तू निराळ्या.

एसजीपीटीचं घर यकृताच्या पेशीच्या आत. रक्तात थोडंफार असतंच, साधारण ४० युनिटपर्यंत. त्यावर गेलं की बहुधा पेशींना इजा होऊन आतला माल बाहेर सांडलेला असतो. म्हणजे रिपोर्टात 'वाढलं' हे सांडलेल्याचं माप. (रिपोर्टातलं त्याचं जोडीदार एन्झाइम एसजीओटी हृदयात आणि स्नायूंतही असतं, त्यामुळे ते एकटं वाढलं तर यकृतावर लगेच आळ घेऊ नये.)

नातवाची एन्झाइम्स वेगळी: कॅटालेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. ही पेशीत राहून ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांचा बंदोबस्त करतात. ती यकृताचा तुकडा वाटून मोजतात, रक्तातून नाही. बऱ्याच प्रयोगांत कॅडमियमने त्यांचं काम मंदावतं. पण डोस लहान असेल तर पेशी सुरुवातीला ती जास्तही बनवते, हे नातवानं आजोबांना सांगितलं नाही.

आता लिपिड. आजोबांच्या रिपोर्टातलं लिपिड म्हणजे रक्तातून फिरणारं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड. नातवाचं लिपिड पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात बसलेलं, मुख्यतः फॉस्फोलिपिड. पहिलं नॉर्मल म्हणून दुसरं शाबूत, असं धरता येत नाही. पटलाचं काय होतं ते आपल्याकडे कुणालाही कळेल: हिरवा चिवडा डब्यात महिनाभर विसरला की जो खवट वास येतो, तीच रसायनक्रिया. असंतृप्त स्निग्धाम्लांना ऑक्सिजन चिकटतो, एक रेणू बिघडला की शेजारचा बिघडतो, साखळी चालू राहते. तिच्यातून मॅलोनडायअल्डिहाइड तयार होतं. ते थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापवलं की गुलाबी रंग येतो आणि तो किती गडद आहे ते ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात.

गंमत म्हणजे कॅडमियम स्वतः ही आग लावत नाही. लोह-तांब्यासारखी इलेक्ट्रॉनची देवघेव त्याला जमत नाही. ते ग्लुटाथायोन या पेशीच्या रक्षक रेणूतल्या गंधकाला चिकटून त्याचा साठा खाली आणतं, आणि प्रथिनांतलं लोह जागेवरून हलवतं. मग मोकळं झालेलं लोह उपद्रव करतं. पटल बिघडलं की त्यात रुतलेली एन्झाइम्सही, उदाहरणार्थ सोडियम-पोटॅशियम पंप, नीट चालत नाहीत. दोन्ही मापं इथे एकमेकांत गुंततात. तरी पटल थोडंसं खवट होऊनही एसजीपीटी नॉर्मल राहू शकतं, कारण खवट होणं म्हणजे फाटणं नव्हे.

उलट दिशेनंही घसरू नये. एसजीपीटी चरबीनं, दारूनं, कावीळीच्या विषाणूनं, औषधांनी वाढतं. त्यावरून कॅडमियमचं निदान होत नाही. उंदराला एकदम मोठा डोस टोचला तर यकृत आधी सापडतं. माणसात वर्षानुवर्षं थोडंथोडं गेलेलं कॅडमियम यकृत मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनाला बांधून ठेवतं, हळूहळू ते मूत्रपिंडात साचतं आणि १० ते ३० वर्षांत जेमतेम निम्मं होतं. जपानच्या जिंझू नदीकाठी भातातून आणि पाण्यातून आलेल्या कॅडमियमनं लोकांची मूत्रपिंडं आणि हाडं गेली. त्या दुखण्याचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'.

म्हणून आजोबांना खरोखर शंका असेल तर तपासायची ती लघवी: तिच्यातलं कॅडमियम आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (मूत्रपिंड बिघडलं की लघवीत उतरणारं एक छोटं प्रथिन). आणि त्याआधी एक प्रश्न, जो नातवाच्या तोंडावर होता पण वडीलधाऱ्यांपुढे गिळला गेला. एका सिगारेटमध्ये साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम कॅडमियम असतं, आणि आजोबा संध्याकाळी सुरसागर तळ्याच्या पाळीवर नुसते हवा खायला जात नाहीत.