सायकल पडली की ट्रेलरही उलटतो?

मुलांना बसवून सायकलच्या मागे ओढायच्या छोट्या गाडीबद्दलची, म्हणजे ट्रेलरबद्दलची, ही भीती जुनी आहे, पण चुकीची. ट्रेलरचा दांडा सायकलच्या मागच्या चाकाच्या आसाजवळ जोडतात आणि त्या जोडात सगळीकडे वळणारा सांधा असतो. त्यामुळे सायकल आडवी झाली तरी दोन चाकांवरचा ट्रेलर सहसा उभाच राहतो.

तो उलटतो वेगळ्याच कारणाने. ट्रेलर सायकलपेक्षा रुंद असतो आणि वळताना आतून जातो. वेगात वळलं की आतलं चाक फुटपाथच्या कडेवर चढतं आणि ट्रेलर कलंडतो. म्हणून वेग वळणाआधीच कमी करा, वळण मोठं घ्या. मुलाचे पट्टे घट्ट हवेत, हेल्मेटही हवंच. सैल पट्ट्यातलं मूल कलंडताना आतल्या आत आदळतं.

जोडाची खीळ बसवल्यावर दांड्याचा सुरक्षा पट्टा सायकलच्या फ्रेमभोवती गुंडाळून अडकवाच. खीळ निसटली तर ट्रेलर त्या पट्ट्यानेच सायकलला जोडलेला राहतो.

विकत घेताना युरोपीय मानक ईएन 15918 चा उल्लेख आणि सामानासकट वजनमर्यादा बघा. जर्मनीत ट्रेलरमध्ये सात वर्षांखालची जास्तीत जास्त दोन मुलं नेता येतात, आणि चालवणारा किमान 16 वर्षांचा लागतो.