टॅरंटुलांचे बंदिस्त प्रजनन

थेराफोसिडी कुलातील मोठ्या, केसाळ कोळ्यांची माणसाच्या देखरेखीखाली केलेली पैदास. या कुलात एक हजाराहून अधिक जाती आहेत. दुर्मिळ जातींच्या पैदाशीची चर्चा मात्र मुख्यतः दोन प्रजातींभोवती (जवळच्या जातींच्या गटांभोवती) फिरते : मेक्सिकोतील ब्रॅकिपेल्मा आणि भारत व श्रीलंकेतील वृक्षवासी पीसिलोथेरिया.

जोडी जुळवण्यापूर्वी लिंग ओळखावे लागते. त्यासाठी कोळ्याने टाकलेली कात पाण्यात भिजवून मऊ करतात, पोटाचा भाग अलगद उलगडतात आणि पुढच्या पुस्त-फुप्फुसांच्या (पोटाखालील पानांसारख्या थरांच्या श्वसनेंद्रियांच्या) जोडीमध्ये शुक्रग्राहिकेची (मादीच्या शुक्र साठवणाऱ्या पिशवीची) घडी दिसते का ते भिंगाखाली पाहतात. घडी असेल तर मादी. शेवटची कात टाकून प्रौढ झालेला नर लहानसे जाळे विणतो, त्यावर शुक्राचा थेंब सोडतो आणि तो पादमृशांच्या (तोंडाजवळील पायांसारख्या अवयवांच्या) टोकांवरील कंदांत भरून घेतो. मग तो मादीच्या आसऱ्यापाशी पाय आपटून ठोके देतो. मादी राजी असेल तर तीही ठोक्यांनी उत्तर देते. ब्रॅकिपेल्माचा नर पुढच्या पायांवरील आकड्यांनी तिचे विषदंत अडवून धरतो. पीसिलोथेरियाच्या नराला हे आकडे नसतात.

प्रौढ मादीही कात टाकत राहते आणि त्या वेळी शुक्रग्राहिकेचे अस्तर साठवलेल्या शुक्रासह निघून जाते. त्यामुळे कात टाकण्याच्या तोंडावर झालेले मीलन वाया जाते. ब्रॅकिपेल्माच्या माद्या वीस वर्षांहून अधिक जगतात, तर प्रौढ नर सहसा काही महिने ते सुमारे वर्षभर. एकाच अंडपिशवीतील नर बहिणींच्या आधी वयात येतात. काही पाळक मात्र भावंडांना वेगवेगळ्या उबेत व खाद्यावर वाढवून त्यांचे वय जुळवून आणतात आणि अंतःप्रजननावरील हा नैसर्गिक अडसर नकळत दूर करतात. बिथरलेली मादी अंडपिशवी खाऊन टाकते. म्हणून काही आठवड्यांनी ती काढून घेऊन हाताने फिरवत उबवण्याची रीत आहे, तरी आईकडेच ठेवणे बरे असे मानणारेही बरेच आहेत.

बंदिस्त साठ्याचे (पाळीव कोळ्यांच्या समूहाचे) मूळ हा विषयातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग. गडद निळी पीसिलोथेरिया मेटॅलिका ही जाती रेजिनाल्ड पोकॉक यांनी 1899 मध्ये आंध्रातील गुत्ती येथील रेल्वेच्या लाकूड-वखारीत सापडलेल्या नमुन्यावरून वर्णिली. पुढे सुमारे शतकभर ती पुन्हा आढळली नाही. 2001 मध्ये ती नंद्याल व गिद्दलूर यांमधील पानझडी जंगलात मिळाली. हे ठिकाण गुत्तीपासून सुमारे 100 किमी. दूर आहे. मूळ नमुना लाकडाबरोबर रेल्वेने गुत्तीस आला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) लाल यादीत ही जाती 2008 पासून अतिसंकटग्रस्त आहे. परदेशी छंदिष्टांकडे मात्र ती मुबलक असून हा साठा पुनर्शोधानंतर रानातून नेलेल्या मोजक्या कोळ्यांपासून वाढला असावा.

ब्रॅकिपेल्मातील घोळ नावाचा आहे. तांबड्या गुडघ्यांचा कोळी अनेक दशके ब्रॅकिपेल्मा स्मिथाय म्हणून पाळला गेला. 2017 च्या वर्गीकरणातून त्यातील बहुतेक साठा ब्रॅकिपेल्मा हॅमोरिआयचा ठरला. दोन्ही जातींचा संकर झाला असल्यास जुन्या चिठ्ठ्यांवरून तो ओळखता येत नाही. अशा साठ्याने रानातून होणाऱ्या पकडीवरील ताण हलका होऊ शकतो, पण ज्याच्या मूळ स्थळाची नोंद नाही असा कोळी रानात परत सोडणे अभ्यासकांना अमान्य आहे आणि ती भूमिका रास्त आहे. नोंदी ठेवून केलेल्या कामाचे उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालय : तेथे 2016 मध्ये माँटसेराट बेटावरील टॅरंटुलाची बंदिवासात प्रथमच पैदास होऊन सुमारे 200 पिल्ले निपजली.

ब्रॅकिपेल्मा स्मिथाय 1985 मध्ये साइट्स या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आली व नंतर तिची सारी प्रजाती. पीसिलोथेरियाचा समावेश 2019 चा. परिशिष्टातील जातींच्या परदेश-व्यापारास परवाना लागतो. रानातून पकडलेला कोळी ‘बंदिवासात जन्मलेला’ म्हणून विकला जाण्याचा धोका मात्र त्यानेही पुरता टळत नाही, कारण प्रौढ कोळ्याकडे पाहून त्याचा जन्म कोठे झाला हे सांगता येत नाही. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या 2022 च्या दुरुस्तीने साइट्स-सूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली आहे.