साधी प्रत की प्रमाणित प्रत? कॅलिफोर्नियाच्या काउंटी न्यायालयातून दिवाणी कागद मागवताना

कॅलिफोर्नियातील ५८ काउंट्यांपैकी (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग) कोणत्याही काउंटीच्या सुपीरियर कोर्टात एकाच निकालाची प्रत दोन प्रकारांनी मिळते. साध्या प्रतीला पानामागे ५० सेंट पडतात. प्रमाणित प्रतीला या दराखेरीज एरवी प्रमाणनाचे ४० डॉलर मोजावे लागतात. दोन्हींतल्या मजकुरात काना-मात्रेचाही फरक नसतो, आणि नेमक्या याच कारणाने अनेक जण स्वस्तातली प्रत घेऊन घरी येतात व पुढे बँकेत, नावबदलाच्या अर्जात किंवा पुण्या-मुंबईतल्या वकिलाकडे ती नाकारली गेली की बुचकळ्यात पडतात.

साधी प्रत ही फाइलमधल्या कागदाची निव्वळ झेरॉक्स असते. तिच्यावरून दाव्यात काय मागितले होते, प्रतिवादीने काय उत्तर दिले आणि न्यायाधीशांनी काय ठरवले हे वाचणाऱ्याला कळते. परंतु ती मूळ कागदाबरहुकूम आहे याची जबाबदारी कोणीही घेतलेली नसते. प्रमाणित प्रतीवर मात्र ही या कार्यालयात दाखल असलेल्या मूळ कागदाची पूर्ण, खरी व बिनचूक प्रत असल्याचे विधान असते, त्याखाली तारीख आणि क्लार्कची, म्हणजे न्यायालयाचे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची, किंवा डेप्युटी क्लार्कची सही असते आणि शेजारी न्यायालयाची मोहोर असते. कॅलिफोर्नियाच्या पुरावा संहितेतील कलम १५३० अशा प्रमाणित प्रतीला मूळ कागदाच्या अस्तित्वाचा व मजकुराचा प्रथमदर्शनी पुरावा मानते, त्यामुळे ती सिद्ध करण्यासाठी कार्यालयातल्या कोणाला साक्षीला बोलवावे लागत नाही. माहितीसाठी म्हणून संकेतस्थळावर पाहिलेला बिनसहीचा सातबारा आणि कर्जप्रकरणाला जोडायचा सही असलेला सातबारा यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे.

खरी फसगत मात्र या दोन टोकांच्या मध्ये होते. पक्षकार किंवा त्याचा वकील कागद दाखल करतो, तेव्हा मूळ कागद क्लार्क ठेवून घेतो आणि सोबत आणलेल्या जादा प्रतीवर, सहसा पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात, दाखल झाल्याचा शिक्का व तारीख उमटवून ती परत देतो. वकिलाने निकालानंतर अशिलाला पाठवलेला कागद बहुधा हाच असतो. त्यावर न्यायालयाचे नाव, तारीख, शिक्का, न्यायाधीशांची सही असे सर्व काही दिसते, त्यामुळे तो अधिकृत असल्याची घरातल्या सगळ्यांची खात्री असते आणि वर्षानुवर्षे तो महत्त्वाच्या कागदांच्या फाइलमध्ये जपून ठेवला जातो. परंतु तो शिक्का कागद अमुक दिवशी दाखल झाला एवढेच सांगतो. ही प्रत खरी आहे असे तो कोठेही म्हणत नाही. हातातला कागद कोणता हे ओळखायचे असेल, तर पहिल्या पानावरचा शिक्का पाहू नये. प्रमाणनाचे विधान, त्याखालची सही आणि मोहोर कोठे आहे ते शोधावे. ते नसेल, तर कागद कितीही भारदस्त दिसला तरी तो प्रमाणित नव्हे. प्रमाणित प्रतीची पाने एकत्र टाचलेली असतात. स्कॅन करण्यासाठी ती पिन काढली, की प्रमाणनाचे पान नेमक्या कोणत्या पानांबद्दल बोलत होते याविषयी शंका घ्यायला जागा उरते, म्हणून ती सोडवू नये.

कोणती प्रत घ्यायची हे कागद कोणाच्या हाती जाणार यावरून ठरते. जमिनीच्या जुन्या वादात काय घडले ते समजून घ्यायचे असेल, नव्या वकिलाला पूर्वपीठिका दाखवायची असेल किंवा भागीदारी करण्यापूर्वी समोरच्या माणसावर कसले दावे आहेत ते पाहायचे असेल, तर साधी प्रत पुरते आणि तिथे ४० डॉलर घालवणे व्यर्थ आहे. घटस्फोटानंतर पूर्वीचे नाव सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत लावून घेणे, मृताच्या इस्टेटीचा कारभारी म्हणून बँकेसमोर उभे राहणे किंवा निकाल दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयात मांडणे या कामांना प्रमाणित प्रतच लागते. इस्टेटीच्या नेमणूकपत्राच्या बाबतीत बँका शिवाय प्रमाणनाची तारीख अलीकडची आहे का हेही पाहतात, म्हणून अशा प्रती एकदम घाऊक काढून ठेवण्यात शहाणपण नाही. विवाहविच्छेदाच्या निकालाच्या प्रमाणित प्रतीला मात्र ४० नव्हे तर १५ डॉलरचा वेगळा दर आहे. अर्जात नेमका कागद न लिहिणाऱ्याला ही सवलत सहज हुकते.

नेमका कागद लिहिण्यासाठी आधी तो सापडावा लागतो. खटला क्रमांक माहीत असेल, तर अर्धे काम झाले. तो नसेल, तर न्यायालयाच्या संकेतस्थळावर किंवा न्यायालयातल्या संगणकावर पक्षकाराच्या नावाने शोध घ्यावा लागतो, आणि मराठी माणसाची अडचण तिथेच सुरू होते. भारतीय पासपोर्टावर स्वतःचे आणि वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव एकाच रकान्यात आलेले असते. दावा दाखल करणाऱ्याने त्यातला दुसरा शब्द कधी मधले नाव म्हणून लिहिलेला असतो, कधी गाळलेला असतो, तर कधी चुकून आडनावाच्या जागी घातलेला असतो. वाघ, वैद्य, चौबळ अशा आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे तर एकाच कुटुंबात दोन तऱ्हांची असतात. म्हणून एका स्पेलिंगने काही मिळाले नाही, म्हणजे खटलाच नाही असे समजू नये. समोरच्या पक्षकाराच्या नावाने शोधले, तर पुष्कळदा तो चटकन सापडतो. क्लार्ककडून शोध करून घेता येतो, पण त्याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर १५ डॉलर शुल्क पडते.

शोधाअंती समोर येते ती खटल्याची नोंदयादी, म्हणजे कोणता कागद कोणत्या तारखेला दाखल झाला याचा क्रमवार तक्ता. ही यादी छापून घेतली म्हणजे आपल्याला निकाल मिळाला असा समज करून घेणारेही भेटतात, परंतु यादीत कागदाचे फक्त नाव असते. तिचा उपयोग अर्ज भरण्यापुरता, आणि तो मोठा आहे: संपूर्ण फाइल हवी असे लिहिण्याऐवजी कागदाचे नाव आणि तो दाखल झाल्याची तारीख लिहिता आली, की पानांचे पैसेही वाचतात आणि खिडकीवरची हुज्जतही. घटस्फोटाच्या प्रकरणात एफएल-१८० हा निकालाचा नमुना असतो, तर एफएल-१९० ही निकाल नोंदवल्याची केवळ सूचना असते. टपालाने घरी येणारी सूचना हाती असल्यामुळे लोक तिचीच प्रमाणित प्रत मागतात, आणि पैसे भरूनही वैवाहिक संबंध कोणत्या तारखेस संपला हे सांगणारा निकाल हाती येत नाही.

कौटुंबिक प्रकरणांतले कागद सर्वसामान्य लोकांना घरबसल्या उघडता येत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयीन नियमांतील नियम २.५०३ नुसार विवाह, पालकत्व, दिवाणी स्वरूपाचा छळ अशा प्रकरणांतली नोंदयादी दुरून पाहता येऊ शकते, पण प्रत्यक्ष कागद न्यायालयातच जाऊन पाहावे लागतात. याचा अर्थ ते गोपनीय आहेत असा नाही. न्यायाधीशांनी आदेश देऊन मोहोरबंद केलेल्या किंवा कायद्यानेच गुप्त ठेवलेल्या कागदांखेरीज फाइल कोणालाही पाहता येते. न्यूयॉर्कमध्ये नेमके उलटे आहे: तिथे घटस्फोटाची फाइल शंभर वर्षे फक्त पक्षकार व त्यांचे वकील यांनाच खुली असते. एका राज्यातला अनुभव दुसऱ्या राज्यात लावू नये तो यासाठी. टेक्सासात तर इस्टेटीचे कागद काउंटी क्लार्ककडे आणि घटस्फोटाचे डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतात. दिवाळखोरीची प्रकरणे कोणत्याच काउंटीत नसून संघराज्याच्या न्यायालयात असतात.

स्वतः जाणे शक्य नसेल, तर टपालाने अर्ज करता येतो. त्यात खटला क्रमांक, कागदाचे नाव व तारीख, साधी की प्रमाणित हे स्पष्ट लिहावे आणि आपला पत्ता व तिकीट लावलेला परतीचा लिफाफा जोडावा. पानांची संख्या ठाऊक नसते, तेव्हा अनेक न्यायालये रक्कम कोरी ठेवून वर कमाल मर्यादा लिहिलेला धनादेश स्वीकारतात. जुन्या फाइली बाहेरच्या गोदामात असतील, तर त्या यायला वेळ लागतो, हे गृहीत धरून अर्ज करावा.

प्रमाणित प्रत हाती आली तरी ती महाराष्ट्रात चालेलच असे नाही, आणि या बाबतीत एक गाजलेला खटला काउंटी न्यायालयाच्या कागदावरूनच झालेला आहे. एका भारतीय दांपत्याच्या विवाहविच्छेदाचा निकाल मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टाने दिला होता, आणि त्याच्या छायाप्रतीवर डेप्युटी क्लार्कचे प्रमाणन होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये असे ठरवले, की छायाप्रत आहे एवढ्याच कारणाने ती अग्राह्य होत नाही, कारण ताबा असलेल्या अधिकाऱ्याने ती रीतसर प्रमाणित केलेली आहे. परंतु तेव्हाच्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ८६ प्रमाणे केंद्र सरकारच्या अमेरिकेतील प्रतिनिधीचे पुढचे प्रमाणपत्र नसल्यामुळे ती अग्राह्य ठरते. तीच तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ८८ मध्ये आहे.

राज्य सचिवाच्या कार्यालयातून मिळणारे अपॉस्टिल, म्हणजे परदेशात वापरायच्या कागदावरची अधिकाऱ्याची सही खरी असल्याचे प्रमाणपत्र, हे याहून वेगळे. भारतात अपॉस्टिलचा करार २००५ पासून लागू आहे आणि कॅलिफोर्नियात त्याला प्रत्येकी २० डॉलर पडतात. ते क्लार्कच्या सहीवर आणि पदावर दिले जाते. निकालातल्या मजकुराबद्दल ते काही म्हणत नाही. म्हणून साध्या प्रतीला किंवा दाखल शिक्क्याच्या प्रतीला ते लागू शकत नाही, आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीची प्रत त्या कार्यालयाला चालते हे प्रमाणन करून घेण्यापूर्वीच विचारावे लागते. भारतातल्या कामासाठी अपॉस्टिल पुरेल की भारतीय दूतावासाचे प्रमाणपत्रही हवे, हे तिथल्या वकिलाकडून आधी लेखी मागवलेले बरे, कारण कागद मुदत टळून गेल्यावर परत आला, तर खिडकीपासून सगळी फेरी पुन्हा करावी लागते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने त्याच १९९१ च्या निकालात मिसुरीचा विवाहविच्छेद मूळ अधिकारकक्षेच्या मुद्द्यावरही अमान्य केला होता. परदेशी निकाल भारतात मान्य करण्याची दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ ची ही कसोटी प्रत प्रमाणित करून घेतल्याने टळत नाही.