ट्राय-इन घासली असेल, तर तीच परत पाठवा

डिजिटल कवळीचं (संगणकावर डिझाइन करून मशीनने कापलेल्या कवळीचं) काम आमच्या लॅबकडे देणाऱ्या डॉक्टरांसाठी. ट्राय-इन म्हणजे फायनलआधी तोंडात बसवून बघायची नमुना कवळी.

"ट्राय-इन ओके. मिडलाइन २ मिमी डावीकडे घ्या. उजवीकडे मागे जरा हाय होतं, ते घासलंय. फायनल करा."

असा व्हॉट्सॲप मेसेज येतो (मिडलाइन म्हणजे पुढच्या दोन दातांमधली मधली रेघ; 'हाय' म्हणजे तो भाग बाकीच्यांच्या आधी लागतो), सोबत ओठ वर ओढून काढलेला एक फोटो. ट्राय-इन मात्र क्लिनिकच्या ड्रॉवरमध्येच राहते. कवळी तयार होऊन जाते आणि दोन दिवसांनी फोन येतो: "उजवीकडे हाय लागतंय. डिजिटल असून असं कसं?" डिजिटल आहे म्हणूनच, डॉक्टर. फाइलमध्ये जे होतं तेच मशीनने कापलं. तुम्ही जे घासलंत ते फाइलमध्ये आलंच नव्हतं.

रिमेकची कारणं आम्ही वहीत लिहून ठेवतो. त्यात हेच कारण सर्वांत जास्त वेळा येतं, म्हणून हे पत्रक.

मशीनचा वाटा कुठवर

जुन्या पद्धतीत मेणात लावलेले दात फ्लास्कमध्ये (दोन भागांच्या साच्याच्या डब्यात) जायचे. पावडर आणि लिक्विड ३:१ प्रमाणात कालवलं तरी ॲक्रिलिक पक्कं होताना आकारमानाने साधारण ७ टक्के आकसतं. त्यात पॅकिंगचा दाब आणि फ्लास्कच्या दोन भागांत राहिलेली फ्लॅश (बाहेर आलेल्या ॲक्रिलिकचा पातळ थर). दात थोडे हलणार, व्हर्टिकल (तोंड मिटल्यावर दोन जबड्यांमधलं उभं अंतर) थोडं वाढणार हे सगळे धरूनच चालायचे, आणि रिमाउंट करून (तयार कवळी जबड्याची हालचाल दाखवणाऱ्या यंत्रावर पुन्हा बसवून) घासणं हा कामाचाच भाग असायचा. मिलिंगची (मशीनने कापायची) ॲक्रिलिकची डिस्क कारखान्यातच दाबाखाली पक्की होऊन येते. आकसायचं ते आधीच आकसलेलं असतं. वरच्या कवळीच्या मागच्या कडेला, टाळूपाशी पूर्वी जी फट दिसायची ती म्हणूनच आता सहसा दिसत नाही.

तरी एका टप्प्यावर हात लागतोच: बेस (हिरडीचा गुलाबी भाग) वेगळा आणि दात वेगळे मिल करून चिकटवताना. मिलिंगचा बर (कापायचं टोक) गोल असतो, त्यामुळे सॉकेटचा (बेसमधल्या दात बसायच्या खाचेचा) आतला कोपरा बरच्या त्रिज्येपेक्षा टोकदार निघत नाही. दाताच्या मानेची कड त्या कोपऱ्यात अडकली की दात वर राहतो. म्हणून सॉकेट किंचित ढिलं ठेवावं लागतं, आणि फार ढिलं ठेवलं तर दात त्यात फिरतो. शिवाय बाँडिंगचं मटेरियल जास्त झालं तर सॉकेटच्या तळाशी कोंडतं आणि दाबलेला दात पुन्हा वर ढकलतं. मागे एक मोलर (दाढ) अर्धा मिमी वर राहिली तर पुढचे दात एक-दीड मिमी उघडे पडतात. ऐकताना अर्धा मिमी काहीच वाटत नाही. पेशंटला पोळीचा तुकडा तोडता येत नाही तेव्हा कळतं.

यावर आम्ही काय करतो? दात सुटे न ठेवता जोडलेल्या आर्चमध्ये (दातांच्या पूर्ण कमानीत) मिल करतो, म्हणजे एकमेकांच्या तुलनेत ते हलत नाहीत. आधी कोरडे बसवून बघतो, मग बाँडिंगचा पातळ थर देऊन की (दात जागेवर धरणारा साचा) लावून दाबतो. चिकटवून झाल्यावर कवळी पुन्हा स्कॅन करून डिझाइनवर चढवतो. चावण्याच्या पृष्ठभागावर कुठेही ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर ती लॅबच्या बाहेर जात नाही. बाइट (वरचे-खालचे दात मिटण्याची जुळणी) नाजूक असेल, समोर नैसर्गिक दात असतील, तर दात आणि बेस मुद्दाम जाड ठेवून चिकटवतो आणि मग दोन्ही एकत्र अंतिम मापाला मिल करतो. चिकटवताना झालेली चूक त्यात कापली जाते. दोन रंगांच्या एकसंध डिस्कमध्ये तर चिकटवणंच नाही. तिचा दर जास्त आहे, पण ज्या पेशंटचा एकेक दात सुटून वारंवार परत येतो, त्याला ती स्वस्तच पडते.

थ्री-डी प्रिंटिंग आम्ही ट्राय-इनसाठी वापरतो. प्रिंट वाईट असते असं नाही. पण खालची नालासारखी कवळी पोस्ट-क्युरिंगमध्ये (प्रिंटनंतर प्रकाशाने पक्कं करताना) मागच्या दोन टोकांशी जराशी हलू शकते, आणि आम्हाला ती जोखीम फायनलमध्ये नको असते.

तोंडात काय बदलतं

आता मुद्द्याची गोष्ट. ट्राय-इन तोंडात गेल्यावर तीन बदल होतात आणि तिन्ही मेसेजमध्ये मावत नाहीत.

पहिला, घासणं. "थोडं" म्हणजे किती? आर्टिक्युलेटिंग पेपरवरचा एक ठिपका उडवला की पूर्ण उतार सपाट केला? आम्हाला ट्राय-इन हातात मिळाली तर स्कॅनमध्ये तो खड्डा जसाच्या तसा दिसतो. डिझाइनमध्ये तेवढाच दात आत घेता येतो, किंवा कस्प (दाताचं टोक) ठेवून समोरचा दात बदलता येतो. नुसत्या मेसेजवर आम्ही अंदाज करणार, आणि अंदाजाने दात लावायचे तर मशीन कशाला?

दुसरा, वॉश, म्हणजे ट्राय-इनच्या आतून घेतलेलं हिरडीचं माप. बरेच डॉक्टर ट्राय-इनमध्येच लाइट बॉडी (माप घ्यायचं पातळ मटेरियल) घालून बंद तोंडाने इंप्रेशन घेतात. पद्धत चांगली आहे, आम्हीही सुचवतो. पण वरच्या ट्राय-इनमध्ये १ मिमी आणि खालच्यात १ मिमी थर बसला, तर व्हर्टिकल २ मिमी वाढलं, कारण दात हिरडीपासून तेवढे दूर गेले. मटेरियल पूर्ण बसलं नसेल तर आर्च एका बाजूला तिरकी होते, ते वेगळंच. वॉशसकट ट्राय-इन आली की आतली आणि बाहेरची बाजू एकत्र स्कॅन होते आणि हिरडी ते दात हे अंतर खरं मिळतं. वॉश सोलून काढून "फिट ओके" लिहिलं की ते कायमचं गेलं.

तिसरा, मिडलाइन. फोटो जवळून घेतला, मान पाच अंश कलली, की १-२ मिमीचा फरक नुसत्या कॅमेऱ्यातून निघतो. त्यात "डावीकडे" म्हणजे पेशंटच्या की फोटोतल्या? आणि मिडलाइन सरकवायची म्हणजे फक्त पुढचे चार इन्सायझर सरकवायचे की पूर्ण आर्च फिरवायची? पूर्ण आर्च फिरवली तर मागच्या दातांची गाठ बदलते. ट्राय-इनच्या पुढच्या दातांवर बारीक मार्करने खरी मिडलाइन आणि हसतानाची ओठाची रेघ मारा. दोन रेघा, दहा सेकंद.

बाइट चुकलेला वाटला तर मात्र घासत बसू नका. दोन मिमी घासून जमवलेला बाइट पेशंटच्या सवयीचा असतो, सेंट्रिकचा (जबड्याच्या खऱ्या, स्थिर स्थितीचा) नसतो. दोन्ही ट्राय-इन तोंडात ठेवून, दात एकमेकांना लागायच्या किंचित आधी थांबवून, बाइट सिलिकॉनने नवा बाइट घ्या आणि तिन्ही वस्तू पाठवा. नव्या बाइटवर माउंटिंग (दोन्ही जबड्यांची मांडणी) बदलणं हे आमचं एका दिवसाचं काम आहे.

"ट्राय-इनमुळे एक अपॉइंटमेंट वाढते" असं काही जण म्हणतात. वाढते. पण ती वगळली की फायनल ॲक्रिलिकवर घासणं वाढतं, आणि मिल केलेल्या दाताचा आकार एकदा गेला की परत येत नाही. शिवाय फ्लॅबी रिज (लुळी, हलणारी हिरडीची कड), मऊ हिरडी, फार कोरडं तोंड अशा पेशंटमध्ये कवळी अचूक असूनही तोंडात हलते. तिथे क्लिनिकल रिमाउंट लागेलच, ते मशीन वाचवू शकत नाही.

रिम पाठवताना

जॉ रिलेशनच्या रिम (दोन जबड्यांची जुळणी घ्यायच्या मेणाच्या कडा) एकमेकांना पक्क्या लॉक करून पाठवा. त्याआधी मागे, ट्युबरॉसिटी आणि रेट्रोमोलर पॅडजवळ (वरच्या आणि खालच्या जबड्याच्या मागच्या टोकांशी), दोन्ही बेसप्लेट (रिमखालचे तळ) एकमेकींना टेकत नाहीत ना, ते बघा. टेकत असतील तर बाइट तोंडातच खोटा असतो आणि पुढचं सगळं काम त्यावर उभं राहतं. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यातून येणारी मेणाची रिम कुरिअरच्या गाडीत मऊ होते. तेव्हा दुपारचं पिकअप टाळा आणि बाइट मेणात न घेता सिलिकॉनमध्ये घ्या.

आमच्याकडून

खुणा आणि बदलांसकट ट्राय-इन परत आली, तर एक नवी ट्राय-इन प्रिंट करून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. आणि अशा केसची फायनल हाय निघाली तर रिमेक आमच्या खर्चाने. ट्राय-इन न पाठवता केवळ मेसेजवर फायनल मागितली तर रिमेकचं बिल लागेल. हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

प्रत्येक केसची फाइल पाच वर्षं ठेवतो. पेशंटची कवळी प्रवासात हरवली किंवा बेसिनमध्ये पडून फुटली, तर त्याच दातांची दुसरी कवळी नवं इंप्रेशन न घेता मिल होते. मधल्या काळात हिरडी झिजली असेल तर रिलाइन (आतून नवा थर) लागेल. वयस्कर पेशंटना सुरुवातीलाच जोडीची कवळी सुचवून बघा. दुसरीसाठी आम्ही डिझाइनचे पैसे लावत नाही.

ट्राय-इन धुताना गरम पाणी वापरू नका, निर्जंतुक करून कोरडी करा, वर-खाली वेगवेगळ्या पिशव्यांत घाला. आणि चिठ्ठीवर डावं-उजवं लिहिताना आधी "पेशंटचं" हा शब्द लिहा.