शिक्क्यावर चेहरा उमटतो कसा?

रबरी शिक्क्याला राखाडी रंग माहीत नसतो. उठाव असेल तिथे शाई लागते, खोलगट असेल तिथे लागत नाही. नाव, पत्ता, सही यांना एवढं पुरतं. पण चेहरा म्हणजे गालावरची सावली, नाकाचा उतार, डोळ्याखालची फिकट कडा, म्हणजे सगळा मामला मधल्या छटांचा. फोटोचे शिक्के करून विकायचे म्हटलं की लोक आधी यंत्राची किंमत विचारतात. माझ्या मते यंत्र दुय्यम आहे. त्या मधल्या छटांचं काय करायचं, हे ज्याला कळलं त्याचा शिक्का ओळखू येतो.

हा प्रश्न छापखान्यांनी एकोणिसाव्या शतकातच सोडवला होता. जर्मनीतल्या गेऑर्ग मायझेनबाखने 1882 मध्ये हाफटोन पद्धतीचं पेटंट घेतलं: फोटो बारीक जाळीतून पुन्हा टिपायचा, म्हणजे गडद भागात मोठे ठिपके पडतात आणि फिकट भागात लहान. शाई एकच, काळी. राखाडीचा भास आपल्या डोळ्याला होतो. कोलकात्यात बालसाहित्यिक आणि मुद्रक उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी या तंत्रात मोलाची भर घातली. सिनेमाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळकेही लोणावळ्यात ब्लॉक आणि छपाईचाच व्यवसाय करत होते. आज फोटोचा शिक्का करणारा माणूस याच घराण्यातला आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता जाळीचं काम संगणक करतो. 1976 मध्ये फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी मांडलेली रीत आजही फोटो सुधारण्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. संगणक प्रत्येक बिंदूला विचारतो, काळा की पांढरा? निम्म्याहून थोड्या गडद बिंदूला काळं केलं, तर त्याच्या वाट्याला जास्तीचा काळेपणा आला. तेवढा तो शेजारच्या बिंदूंतून वजा होतो. उजवीकडच्याला 16 पैकी 7 हिस्से, खालच्या तिघांना 3, 5 आणि 1. हिशोब असा पुढे सरकत राहतो आणि एकूण छटा बरोबर राहते.

मग अडतं कुठे? ठिपक्याच्या आकारावर. 300 डीपीआयला, म्हणजे एका इंचात 300 बिंदू धरले तर, एक बिंदू साधारण 0.085 मिलिमीटरचा होतो. कागदावर तो सुंदर दिसतो, पण शिक्क्यावर इतका बारीक ठिपका एकतर उमटत नाही, नाहीतर शाई पसरून शेजाऱ्याला चिकटतो. पाव मिलिमीटरचा ठिपका धरला, तर 4 सेंटिमीटर रुंदीच्या शिक्क्यात आडवे 160 ठिपके बसतात. चेहरा निम्म्या रुंदीत असेल तर त्याच्या वाट्याला 80. चित्रकारांच्या ठोकताळ्याने चेहरा पाच डोळ्यांएवढा रुंद असतो, म्हणजे एका डोळ्याला 16 ठिपके मिळाले. एवढ्यात नजर, पापणी, बुबुळातली चमक सगळं येतं. गिऱ्हाइकाने पूर्ण उंचीचा फोटो पाठवला आणि चेहऱ्याला 20 च ठिपके आले, तर डोळ्याला उरतात 4. तिथे कुठलंही यंत्र मदत करू शकत नाही. म्हणून खांद्यापासून वरचा, एका बाजूने उजेड पडलेला फोटो मागायचा आणि मागची पार्श्वभूमी निर्धास्तपणे काढून टाकायची.

शाई पसरल्यामुळे प्रत्येक ठिपका थोडा फुगतो आणि मधल्या छटा ठरवल्यापेक्षा काळ्या पडतात. आपल्याकडचे बहुतेक चेहरे याच मधल्या छटांत येतात. फोटो आहे तसा यंत्रात घातला, तर सावळा चेहरा काळा डाग होऊन बाहेर पडतो. हा त्या माणसावर अन्याय आहे आणि तो टाळता येतो. मधल्या छटा आधीच उजळ करून घ्यायच्या, पण गालाचा आणि कपाळाचा गोलवा शिल्लक राहील इतपतच. किती उजळ, हे ठरवायला फिक्यापासून गडदपर्यंतच्या दहा छटांची एक पट्टी शिक्क्यावर करून उमटवून पाहावी.

यंत्रांचे ढोबळ प्रकार तीन. लेझरमध्ये प्रखर किरण नको असलेलं रबर जाळून काढतो. त्यात पीव्हीसी नावाचं प्लास्टिक कधीही घालू नये, विषारी हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. पॉलिमरमध्ये निगेटिव्हच्या पारदर्शक भागातून अतिनील किरण जाऊन खालचा द्रव पॉलिमर घट्ट होतो आणि उरलेला धुऊन काढतात.

फोटोसाठी मला तिसरा प्रकार, फ्लॅश मशीन, सर्वांत आवडतो. त्यातल्या सच्छिद्र फोममध्ये काजळीसारखं प्रकाश शोषणारं द्रव्य असतं. ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंटरने चित्र काढून ते फोमवर ठेवायचं आणि झेनॉन दिव्याचा क्षणभर लखलखाट करायचा. उघड्या जागी फोमचा पृष्ठभाग तापून वितळतो आणि छिद्रं बंद होतात. टोनरच्या, म्हणजे प्रिंटरच्या काळ्या भुकटीच्या, सावलीतली छिद्रं उघडी राहतात, त्यांतूनच शाई झिरपते. छपाईची बाजू फोमला लावली तर चित्र उलटं करावं लागत नाही, निगेटिव्हही लागत नाही. पण टोनर गडद हवा. तो विरळ असेल तर काळ्या भागातली छिद्रंही अर्धवट मिटतात आणि केस पांढरट येतात.

या शिक्क्यांची शाई बहुधा तेलाची असते. ती उडून जात नाही, म्हणून फोम महिनोन्महिने ओला राहतो. ती वाळते म्हणजे खरं तर कागदात शोषली जाते. त्यामुळे वहीवर, पुस्तकाच्या पहिल्या पानावर, खाकी पाकिटावर चेहरा छान बसतो आणि चकचकीत लग्नपत्रिकेवर तोच बोट लागताच पुसतो. ऑर्डर घेतानाच विचारावं, शिक्का कशावर मारणार आहात?