खडकवासला भरलं, म्हणजे किती टक्के?

माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या पाचवीतल्या एका मुलीनं परवा चाचणी सोडवली. एकेका गुणाचे 20 प्रश्न, त्यातले 3 चुकले. खाली तिनं स्वतःच लिहिलं, 97 टक्के. शंभरातून तीन गेले, असा तिचा हिशोब. पण पेपर शंभराचा नव्हताच. विसाचे शंभर करायचे तर पाचपट. मग चुकाही पाचपट, 15. म्हणून 85 टक्के.

शेकडेवारी हा आपला जुना शब्द मला फार आवडतो. रीत त्यातच आली: छेद शेकड्यावर आणायचा आणि अंशाला तेवढ्यानेच गुणायचं. 3/8 चा छेद शंभरात नेमका बसत नाही, तेव्हा भागाकार करायचा. 0.375 आलं की शंभरानं गुणून 37.5 टक्के. हा शेवटचा गुणाकार राहून जातो आणि वहीत 0.375 टक्के उरतं. पावकी-निमकी म्हटलेल्या पिढीला हे लगेच खटकतं. पाव म्हणजे 25, निम्मे म्हणजे 50, आणि 3/8 या दोन्हींच्या बरोबर मधोमध.

मोठ्यांची चूक वेगळी, आणि ती पुण्यात दर पावसाळ्यात ऐकू येते. खडकवासला साखळीत चार धरणं. उपयुक्त साठ्याची क्षमता टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, अशी: खडकवासला 1.97, पानशेत 10.65, वरसगाव 12.82, टेमघर 3.71. एकूण 29.15.

समजा, खडकवासला 100 टक्के भरलं आणि बाकीची तिन्ही 40 टक्के. चारही टक्के मिळवून चारानं भागलं की 55 येतात. आता टक्के बाजूला ठेवून पाणी मोजू. खडकवासल्याचं 1.97, उरलेल्या 27.18 चे 40 टक्के म्हणजे 10.87. बेरीज 12.84; ती 29.15 ची जेमतेम 44 टक्के. या दोन उत्तरांत सुमारे 3.2 टीएमसीचा फरक आहे. दीड खडकवासल्याहून जास्त पाणी नुसतं कागदावर! चारही टक्के वेगवेगळ्या शंभराचे होते, म्हणून ही सरासरी फसली.

खडकवासला सगळ्यात लहान, शिवाय पानशेत-वरसगावच्या खालच्या अंगाला, म्हणून ते लवकर भरतं. चौपाटीवर कणीस खाता खाता कुणीतरी म्हणतंच, "भरलं बुवा धरण, पाण्याची चिंता मिटली." समोरचं ते काठोकाठ पाणी साखळीच्या 7 टक्केही नसतं.