लांब पल्ल्याच्या ग्लायडिंगचे उन्हाळी शिबिर : नाव नोंदवण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार.

दक्षिण फ्रान्समधील आल्प्समध्ये, ड्युरान्स नदीच्या खोऱ्यात सिस्तरोनच्या आसपास, उन्हाळ्यात लांब पल्ल्याचे ग्लायडिंग (बिनइंजिनाच्या विमानाचे, म्हणजे ग्लायडरचे उड्डाण) करणारे वैमानिक शिबिरांसाठी जमतात. तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांची जमिनीवरची तयारी आम्ही नागपुरात करून घेतो व प्रवासाची व्यवस्था पाहतो. प्रत्यक्ष उड्डाण शिकवण्याचे काम तेथील प्रशिक्षकांचे आहे. त्यामुळे ज्यांनी एकट्याने ग्लायडर उडवले आहे आणि ज्यांचा सराव अलीकडे तुटलेला नाही, त्यांनीच नाव नोंदवावे, अशी विनंती आहे.

मे महिन्यात भर दुपारी नांगरलेल्या काळ्या रानातून उठणारी वावटळ आणि तिच्यावर पंख न हलवता घिरट्या घालणारी घार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना थर्मल म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. तापलेली जमीन लगतची हवा तापवते, ती हवा हलकी होऊन वर चढते, चढताना दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते आणि भोवतालच्या हवेपेक्षा उबदार असेतोवर चढतच राहते. आपल्याकडे हे सपाट रानावर घडते, तर आल्प्समध्ये उन्हाकडे तोंड करून असलेल्या उतारांवर. म्हणून तेथे सकाळी पूर्वेकडचे आणि दुपारनंतर पश्चिमेकडचे उतार धरावे लागतात. उताराजवळ उडताना वळण नेहमी डोंगरापासून दूर घ्यायचे असते, आणि थर्मलमध्ये आधी शिरलेला ज्या दिशेने फिरत असेल त्याच दिशेने नंतर येणाऱ्याने फिरायचे असते. हे दोन नियम प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेले असलेच पाहिजेत.

तयारीच्या वर्गात आमचा सर्वाधिक वेळ उंचीच्या हिशेबावर जातो. ग्लायडरचे अंतर-उंची गुणोत्तर (उंचीच्या किती पट अंतर ते जाते) ४० असेल तर १००० मीटर उंचीवरून ते स्थिर हवेत ४० किलोमीटर जाते. नागपूर ते रामटेक हे सरळ रेषेत जवळपास तेवढेच अंतर आहे, त्यामुळे नकाशावर हा प्रवास जमेल असे वाटते. प्रत्यक्षात मात्र वाटेत खाली जाणारी हवा लागते, समोरून वारा येतो, आणि रामटेकला पोहोचल्यावर उतरण्यासाठी हाताशी काही उंची शिल्लक असावी लागते. म्हणून आम्ही निम्मेच अंतर धरायला शिकवतो. डोंगरात तर जवळच्या उतरण्याजोग्या जागेपर्यंतची उंची हाताशी असल्याशिवाय पुढची दरी ओलांडू नये.

थर्मल मिळालाच नाही तर शेतात उतरावे लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही. अपघात होतात ते निर्णय लांबवल्यामुळे. जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवर असताना उतरण्याजोगा भाग, ४५० मीटरवर त्यातले नेमके शेत ठरवावे, आणि ३०० मीटरच्या खाली आल्यावर थर्मलचा विचार सोडून फक्त उतरण्याकडे लक्ष द्यावे. शेताचा उतार, वाऱ्याची दिशा, पिकाची उंची आणि विजेच्या तारा या क्रमाने पाहण्याचा सराव आम्ही छायाचित्रांवर करून घेतो. तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून नजरेने खांबांची ओळ शोधावी.

बहुतेकांचे लक्ष ग्लायडिंगमधील कामगिरीबद्दल मिळणाऱ्या बिल्ल्यांवर असते. रौप्य बिल्ल्यासाठी ५० किलोमीटर अंतर, १००० मीटर उंचीची कमाई आणि ५ तासांचे उड्डाण लागते. सुवर्ण बिल्ल्यासाठी अंतर ३०० किलोमीटर आणि उंचीची कमाई ३००० मीटर. ही ध्येये जरूर ठेवावीत, पण पहिल्या आठवड्यात मात्र प्रशिक्षकाबरोबर दोन आसनी ग्लायडरमध्ये प्रदेश पाहून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाच तास कॉकपिटच्या काचेखाली बसणे म्हणजे उन्हात बसणेच. तेथील हवा नागपूरच्या मानाने थंड वाटते, त्यामुळे तहान कळत नाही, आणि तहान लागलेला वैमानिक तिसऱ्या-चौथ्या तासाला चुकीचे निर्णय घेऊ लागतो. पाण्याची पिशवी नळीसह घ्यावी, लघवीची सोय आधीच करून ठेवावी, आणि त्या भीतीने पाणी पिणे टाळू नये.

फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. शेवटच्या महिन्यावर ढकलू नये. आपला परवाना तेथे कितपत चालतो हे शिबिर चालवणाऱ्या क्लबकडून आम्ही लेखी मागवून देतो. नोंदणीसाठी येताना लॉगबुक, परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांच्या मूळ प्रती आणाव्यात.